माड, वारा आणि खुंटीवरची पिशवी

वहिनींच्या दाराला आतून एक खुंटी आहे. पूर्वी तिच्यावर छत्री असायची. २०२० च्या पावसाळ्यापासून तिथे खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी टांगलेली दिसू लागली. आत रेशनकार्ड, आधारकार्डं, बँकेचं पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, एक बॅटरी आणि दोन मेणबत्त्या. सगळं दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर सुतळी. रात्री वारा सुटला की वहिनी उठायच्या, पिशवी काढून मांडीवर घ्यायच्या आणि पडवीच्या दाराशी बसायच्या. वारा पडेपर्यंत. कधी तासभर, कधी पार उजाडेपर्यंत.

आता कोकणात पावसाळ्यात वारा सुटत नाही अशा रात्री किती? म्हणजे जून ते सप्टेंबर वहिनींना धड झोप नव्हतीच. दिवसा डोळे जड, हातातून भांडी पडायची, सुट्टीला आलेल्या सुनेवर कारण नसताना खेकसणं. पुढेपुढे तर मे महिन्यात आभाळ भरून आलं तरी जेवण कमी व्हायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. वाडीतल्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचन करते, पाली आपली आपण थोडीफार शिकले आहे. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. वहिनींनी हे लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर, नाव नको आणि गावही नको. तेव्हा एवढंच सांगते की दापोली तालुक्यात केळशी ते हर्णैच्या पट्ट्यातली ही एक बौद्धवाडी आहे.

३ जूनची दुपार

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला भर दुपारी रायगडात श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. बाणकोट खाडीच्या अलीकडे म्हणून आम्ही वाचलो असं कुणी समजू नये. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरही माड-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वहिनींचे यजमान आधीच गेलेले. मुलगा-सून टाळेबंदीत मुंबईकडे अडकलेली. घरात वहिनी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. कौलं उडायला लागली तशी वहिनींनी सासूला गोधडीसकट ओढत माजघरातल्या पलंगाखाली घेतलं आणि स्वतः पलंगाच्या तोंडाशी आडव्या पडल्या. परसातल्या दोन माडांपैकी एक पडवीवर कोसळला. दुसरा पडला नाही. तो माजघराच्या दिशेने कलला आणि कललेलाच राहिला.

हा दुसरा माड या प्रकरणाचं मूळ आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

माड धाकट्या दिरांच्या हिश्श्यात. ते मुंबईला. वहिनींनी फोन केला की त्यांचं ठरलेलं उत्तर, "बाबांच्या हातचा माड हाय तो. एवढ्या वादळात पडला नाय, आता काय पडतोय?" पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं. त्याच जुलैत २२ तारखेला चिपळूण बुडालं, ते वहिनींनी टीव्हीवर दिवसभर पाहिलं. तोवर सासूबाई वारल्या होत्या. वहिनी घरात एकट्या, डोक्यावर माड.

एक गोष्ट मला फार दिवस उलगडत नव्हती. वादळ आलं दुपारी, मग भीती रात्रीचीच का? दिवसा कितीही वारा असला तरी वहिनी बिनघोर भात लावणीला जायच्या. शेवटी त्यांनीच सांगितलं. दिवसा माड दिसतो. किती हलतोय ते डोळ्यांनी कळतं. रात्री नुसता आवाज येतो, आणि आवाजावरून माड मनात हवा तेवढा वाकतो.

माझी चूक

आषाढी पौर्णिमा २०२२ ला १३ जुलैला होती. वर्षावास बसला. आमच्याकडे या तीन महिन्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. वाचन संपवून पाखाडीच्या पायऱ्या उतरताना वहिनींनी मला गाठलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "रात्री भीती वाटली की डोळे मिटून बसा. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. दुसरं काही करू नका."

आठवड्याने त्या परत आल्या त्या रागावूनच. "बाई, तुमचा तो श्वास मना नको. डोळे मिटले की कान मोठे होतात. आत पन वारा नि भायेर पन वाराच!"

हसू आलं, पण घरी गेल्यावर मज्झिम निकाय, बुद्धांच्या उपदेशांचा म्हणजे सुत्तांचा एक पाली संग्रह, काढून बसले. महाराहुलोवाद सुत्तात बुद्ध आपला मुलगा राहुल याला धातू, म्हणजे शरीर ज्यांचं बनलंय ती मूलतत्त्वं, समजावतात, तिथे शरीरातल्या वायुधातूत आश्वास-प्रश्वास मोजलेला आहे. ग्रंथ जे म्हणतो तेच वहिनी बोलल्या होत्या. वाऱ्याला भ्यालेल्या बाईला मी रात्री दोन वाजता, एकटीला, अंधारात वाऱ्याकडेच लक्ष द्यायला बसवलं होतं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात आनापान, म्हणजे हेच श्वासाकडे लक्ष देणं, सुरुवातीला शिकवतात, पण तिथे शिकवणारे आचार्य असतात, घड्याळ लावलेलं असतं, बाजूला शंभर माणसं बसलेली असतात. मी त्यातला एक तुकडा तोडून औषधाच्या गोळीसारखा हातावर ठेवला. मन शांत करायला निघालेली बरीच मंडळी हेच करतात, आणि मग 'ध्यान काही आपल्याला जमत नाही' म्हणून मोकळी होतात.

सल्ले देणारी मी एकटी नव्हते. माहेरच्या एका बाईने देवाला राखण द्यायला सांगितलं, कोंबडा आणि नारळ. वहिनींनी सरळ सांगितलं की बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते होणार नाही. सुनेने मोबाइलवर परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणतात ती सुत्तं, लावून दिला. तो दोन रात्री बरा वाटला. तिसऱ्या रात्री चार्जिंग संपलं आणि पाठ बंद पडला म्हणून भीती दुप्पट. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून थोड्या दिवसांच्या झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या घ्यायलाच हव्या होत्या आणि वहिनींनी घेतल्या. मनाच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं मात्र की चेहरा उतरायचा. 'रत्नागिरीला न्यायला हवं' याचा आमच्याकडे एकच अर्थ आहे, कारण मनोरुग्णालय तिथे आहे. त्या शब्दाची धास्ती वाऱ्याच्या धास्तीहून कमी नाही.

आणि वाडीतले एक काका. पंचायत समितीच्या कामात आयुष्य गेलेले, स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "ध्यानबिन करून माड सरळ होनार हाय काय? बाबासाहेबांनी डोळे मिटायला नाय शिकवलं." मला तेव्हा बोचलं. आज वाटतं, काका निम्म्याहून जास्त बरोबर होते.

परातीतलं पाणी

संयुत्त निकाय या दुसऱ्या संग्रहात संगारव नावाचा ब्राह्मण बुद्धांना विचारतो, पाठ केलेले मंत्रसुद्धा कधीकधी ऐनवेळी का आठवत नाहीत? उत्तरात बुद्ध मनाच्या पाच आवरणांना, म्हणजे नीवरणांना, पाण्याच्या पाच दोषांची उपमा देतात. रंग मिसळलेलं पाणी, उकळतं पाणी, शेवाळलेलं पाणी, वाऱ्याने हललेलं पाणी आणि गढूळ होऊन अंधारात ठेवलेलं पाणी. यांपैकी कशातच आपला चेहरा नीट दिसत नाही. चौथं, वाऱ्याने हललेलं, हे उद्धच्च-कुक्कुच्चाचं, म्हणजे अस्वस्थता आणि घोर यांचं.

मी वहिनींच्या स्वयंपाकघरात परातीत पाणी घेतलं आणि फुंकर मारली. वरच्या खिडकीचा चौकोन पाण्यात तुटून गेला. मला सांगायचं होतं की वारा बाहेर असला तरी हलतं ते मन. वहिनींनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग परात आत न्यायची," त्या म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं नाही. उपमा कुठल्याकुठे राहिली आणि गोष्ट जागेवर आली. घरावर खरोखरच एक माड कललेला आहे. धोका खोटा नाही. तो तसाच ठेवून मी या बाईला मन सांभाळायला सांगत होते. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा गृहस्थ बुद्धांना म्हणतो, आम्ही बायकापोरांत राहणारी माणसं, आम्हाला झेपेल ते सांगा. बुद्ध चार गोष्टी सांगतात आणि त्यातली दुसरी आरक्खसंपदा आहे. कष्टाने मिळवलेलं राजाने किंवा चोराने नेऊ नये, आगीत जळू नये, पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून राखणं. संसारी माणसाला दिलेल्या शिकवणीत बंदोबस्त आधीच येतो. हे सुत्त मी विहारात किती वेळा समजावून सांगितलं असेल!

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. तो पडवीच्या पत्र्यावर चढला आणि दोन मिनिटांत खाली बघून ओरडला, "हितला हूक सुटलाय!" वादळानंतर कौलांच्या जागी पत्रे घातले होते. कोपऱ्यातल्या एका पत्र्याचा हूक ढिला होऊन तो जरा वाऱ्यानेही रिपेवर खडखडायचा. वहिनींना रात्री उठवायचा तो हा पत्रा. माड बिचारा बहुतेक रात्री नुसता सळसळत असायचा. चार नवे हूक, वॉशर, काम संपलं. निम्मी भीती चारशे रुपयांत गेली असं म्हणायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. आवाज गेला, उठणं राहिलं. अंगाला सवय लागलेली होती.

भय आलं त्या जागी

मग मी भयभेरव सुत्त काढलं. मज्झिम निकायातलं चौथं. जाणुस्सोणी ब्राह्मण म्हणतो, रानावनात एकट्याने राहणं कठीण. बुद्ध म्हणतात, खरं आहे, बोधी मिळण्याआधी मलाही तसंच वाटायचं. मग ते सांगतात की चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, अष्टमी अशा रात्री मुद्दाम भीतीच्या ठिकाणी, झाडाखालच्या देवस्थानांत जाऊन राहिलो. एखादं जनावर जवळ यायचं, मोर फांदी पाडायचा, वारा पाचोळा सळसळवायचा. वाटायचं, हेच ते भय आलं. मग विचार केला, मी भयाचीच वाट बघत का बसलोय? ते ज्या स्थितीत येईल त्या स्थितीतच त्याला आवरू. चालत असताना भय आलं तर ते आवरेपर्यंत थांबलो नाही, बसलो नाही, आडवा झालो नाही. उभा असताना आलं तर उभाच. बसलेलो असताना आलं तर बसूनच. पडलेलो असताना आलं तर पडूनच.

वहिनींनी पहिल्यांदा विचारलं ते असं, "बुद्धांना पन भ्या वाटायचं?"

"बुद्ध होण्याआधी."

"मोराने फांदी पाडली तरी?"

"तरी."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी. आमच्या मागच्या डोंगरात मोर आहेत, पहाटे काय गोंधळ घालतात ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

त्यावरून आम्ही जे ठरवलं ते फार साधं होतं. रात्री जेवणं झाली की एकदाच घराची फेरी: हूक, कड्या, बॅटरी, पिशवी जागेवर. एकदाच, दुसऱ्यांदा नाही. त्यानंतर भय येईल तेव्हा वहिनी ज्या स्थितीत असतील त्यातच राहायचं. आडव्या असतील तर आडव्याच, डोळे उघडे. श्वासबिस काही नाही. मनात एवढंच म्हणायचं, 'भय आलंय.' सतिपट्ठान सुत्तात आवरणांबद्दल हेच सांगितलंय, आहे तर आहे म्हणून जाणायचं, नाही तर नाही म्हणून. आणि पिशवीला हात लावायचा नाही. ग्रामपंचायतीची सूचना आली तर पिशवी, नुसता वारा आला तर नाही.

पहिली रात्र वाईट गेली. "अंग उठत होतं आणि मी त्याला धरून ठेवत होते," असं त्यांनी सांगितलं, जणू अंग म्हणजे दावं तोडणारं वासरू. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भय एकसारखं नसतं. चढतं, एका जागी थांबतं, मग थोडं उतरतं. आजवर त्या चढतीलाच उठून जायच्या, म्हणून उतार कधी पाहिलाच नव्हता. मला हे कुठल्या पुस्तकातून सांगता आलं नसतं.

ज्या रात्री उठून पिशवी घेतली त्या तारखेवर त्या कॅलेंडरमध्ये पेन्सिलीने रेघ मारायच्या. ऑगस्टचं पान काळं झालं होतं. सप्टेंबरच्या रेघा एका हाताच्या बोटांवर आल्या. मधे एका गडगडाटाच्या रात्री त्या पिशवी घेऊन थेट माझ्या दारात आल्या, भिजून चिंब. मी चहा ठेवला. रेघ मारायची की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांनी मारली.

वर्षावासाचं मूळही मला या काळात नव्याने पटलं. पावसात भिक्खू फिरले की गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धांनी त्यांना पावसाळाभर एका ठिकाणी राहायला सांगितलं. वहिनींचा त्रास नेमका तोच होता, पावसात एका जागी राहवत नव्हतं.

दीर आणि माड

माड अजून कललेलाच होता. मी म्हटलं, दिरांबद्दल मैत्रीभावना करून बघा, म्हणजे त्यांचं भलं व्हावं असं मनात आणा. करणीयमेत्त सुत्ताची अट्ठकथेतली, म्हणजे जुन्या पाली टीकेतली, गोष्टही सांगितली, रानात झाडांवरच्या देवतांनी घाबरवलेल्या भिक्खूंना बुद्धांनी हे सुत्त दिलं ती. वहिनी म्हणाल्या, "झाडाबद्दल जमंल. भावजींबद्दल आज जमत नाय. खोटा कशाला बोलू?" मी आग्रह सोडला. पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं शील त्या माझ्यापेक्षा चांगलं पाळत होत्या.

आश्विन पौर्णिमेला, ९ ऑक्टोबरला, वर्षावासाची समाप्ती. दीर मुंबईहून आले. वहिनींनी भांडण काढलं नाही, माडाचं नावही काढलं नाही. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, आज माजघरात झोपा. मी पडवीत झोपते." परतीचा पाऊस होता, विजा होत्या. रात्री तीनच्या सुमाराला दीर बाहेर आले आणि वहिनींच्या शेजारी पायरीवर बसले. पहिल्यांदा बॅटरी वर मारली ती त्यांनी. बराच वेळ माडाकडे बघत राहिले म्हणे.

तरी माड लगेच तुटला नाही. 'बघू', 'पाडेली सापडत नाय', 'आता सुट्टी नाय' असं करत जानेवारी उजाडला. मग नारळ काढणारा पाडेली चढला, आधी झावळ्या, मग शेंडा, मग बुंध्याचे तुकडे दोराने सोडत खाली आणले. दीर अंगणात उभे होते. शेंड्यातला पांढरा गाभा काढून सगळ्या वाडीला वाटला. गोड होता. बुंध्यातून दोन वासे निघाले, ते आता पडवीला आहेत. काकांनी त्यावर हात फिरवून विचारलं, "हे ध्यानाने झालं की फोनाने?" वहिनी म्हणाल्या, "झोपवून."

त्याच थंडीत आम्ही बायका पन्हाळेकाजीला गेलो. कोटजाई नदीकाठची एकोणतीस लेणी. हीनयान, मग वज्रयान, पुढे नाथपंथ, असे थरावर थर. मी माहिती सांगत होते. वहिनी एका खोलीत शिरल्या, कातळाच्या छताला हात लावला आणि म्हणाल्या, "बरा होता त्यांचा. वाजायला पत्राच नाय."

पुढचा जून

जून २०२३ मध्ये बिपरजॉय अरबी समुद्रात उठलं. १५ जूनला ते गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर चढलं, पण त्याआधी कितीतरी दिवस आमच्याकडे दर्या उसळत होता, होड्या वर ओढल्या होत्या, मोबाइलवर अफवांचा पाऊस. एका संध्याकाळी सावधगिरीची सूचना फिरली. वहिनींनी पिशवी काढली, पलंगापाशी ठेवली, शेजारच्या म्हाताऱ्यांना आपल्याकडे झोपायला आणलं. रात्रभर वारा होता. सकाळी मी गेले तेव्हा पिशवी खुंटीवर परत गेली होती आणि वहिनी भाकऱ्या थापत होत्या. झोप लागली का विचारलं तर म्हणाल्या, एक वाजेपर्यंत नाय, मग लागली. कॅलेंडरवर रेघ नव्हती. सूचना आली होती, म्हणून ती धरायची नाही, असा त्यांचा नियम.

वारा आवडायला लागलाय असं मात्र काही नाही. सोसाट्याचा सुटला की अजून त्यांचं बोलणं तुटतं, नजर छपराकडे जाते. मग वाक्य पुरं करतात.

३ जुलैला आषाढी पौर्णिमा आली. नवा वर्षावास बसायचा होता. संध्याकाळी नेहमीप्रमाणे लाइट गेली आणि विहारात मेणबत्त्या संपलेल्या. कुणी दुकानाकडे पळायच्या आत वहिनी उठल्या, भर पावसात पाखाडी उतरून घरी गेल्या आणि भिजलेल्या पदराखालून दोन मेणबत्त्या घेऊन आल्या. प्लास्टिकची घडी अजून तशीच होती, तीन वर्षांची. त्यांनी सुतळी दाताने सोडवली, एक मेणबत्ती बुद्धांसमोर लावली, एक बाबासाहेबांसमोर, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "उद्या हर्णैला गेलात तर दोन आना हा बाई, पिशवीत ठेवायला."